पटकीचा जंतू आणि त्याची चिटोरी



साहित्याच्या व्यासपीठावर जंतूंचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. म्हणून सुरुवात एका शब्दापासूनच करते. लहानपणी पोट बिघडले की माझी आजी म्हणायची, "मोडशी झालीय, ओवा चाव आणि गप्प पडून राहा." आमचे घराणे रत्नागिरीकडून गायकवाडीत आले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात आमच्या बोलण्यात गुजराती शब्द किती शिरले याची मोजदाद नाही, पण मोडशी तशीच राहिली. तिचा आजचा अर्थ साधे अपचन. चारशेऐंशी वर्षांपूर्वी गोव्यात हाच शब्द ऐकून माणसे घरदार सोडून पळत होती.

१५४३ साली गोव्यात एक जीवघेणी साथ आली. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन करून ठेवले आहे. स्थानिक लोक या रोगाला काय म्हणतात तेही त्याने आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिले : मोरिशी. उलट्या, न भागणारी तहान, पायांत गोळे, काळी पडलेली नखे, आणि एका दिवसात किंवा फार तर एका दिवस-रात्रीत मृत्यू. शंभरांत दहासुद्धा वाचत नव्हते. चर्चच्या घंटा दिवसभर मयताच्या वाजू लागल्या तेव्हा लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नराने घंटा वाजवायलाच बंदी केली. इस्पितळात या रोगाने मेलेल्या एका माणसाचे प्रेत त्याने सगळ्या वैद्यांना जमवून उघडायला लावले. वैद्यांना काय सापडले? काहीही नाही. फक्त जठर कोंबडीच्या पोटातल्या पिशवीसारखे आक्रसलेले, आगीत धरलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापला. त्यातही हा रोग आहे आणि हा शब्दही आहे. पुढे पोर्तुगिजांच्या तोंडी तो 'मोर्देशीं' झाला, आणि फ्रेंचांनी तर त्याचे 'मोर द शियँ' केले, म्हणजे कुत्र्याचे मरण. आपल्या कोकणातल्या साध्या 'मोडणे' या धातूची ही यात्रा मला फार मजेशीर वाटते. शब्दांनाही बाहेरगावी नवे कपडे मिळतात.

मजा बाजूला ठेवू. गव्हर्नराने प्रेत उघडायला लावले तेव्हा त्याचा प्रश्न सरळ होता : माणूस कशाने मेला? या प्रश्नाचे उत्तर मिळायला तीनशे चाळीस वर्षे लागली. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे तो त्या उत्तराच्या पुढचा आहे. अपराधी सापडल्यावर कळले की तो तोच असला तरी दर वेळी तसाच वागत नाही. तो कधी पोहतो, कधी चिकटून बसतो, कधी विष ओततो आणि कधी सगळे सोडून चालता होतो. 'कोण' हा प्रश्न सुटला आणि 'केव्हा' हा उरला. त्याचे उत्तर जिथे होते तिथे शास्त्रज्ञ किती तरी वर्षे बघतच नव्हते. त्यांच्यात मीही एक होते. त्याची कबुली पुढे देईन.

'कोण' चा भाग आटोपता घेते, कारण तो बहुतेकांना माहीत असतो. १८१७ नंतर पटकी बंगालमधून निघाली आणि जगभर गेली. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआईची ठाणी आहेत, ती याच भीतीची खूण. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर पटकीही चालते, ही इंग्रज आरोग्य-अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. ती खोटी नव्हती, पण नदीचे पाणी शुद्ध करण्यापेक्षा यात्रेकरूंना दोष देणे त्यांना सोपे वाटे, असे माझे मत आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले. त्याच साली फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी पटकीने मेलेल्यांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे वाकडे जंतू पाहिले आणि त्यांना 'व्हिब्रिओ' म्हटले. त्यांच्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १८८३च्या अखेरीस रॉबर्ट कॉख कलकत्त्यात आले, आणि १८८४च्या सुरुवातीला त्यांनी स्वल्पविरामासारखा दिसणारा तो जंतू वेगळा काढल्याचे जाहीर केले.

व्हिब्रिओ या नावातच हालचाल आहे. या जंतूला मागे एकच शेपटी असते, शास्त्रीय मराठीत तिला कशाभिका म्हणतात. ती मळसूत्रासारखी फिरते आणि जंतू पाण्यात सुसाट पळतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा थेंब मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना दाखवला. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून 'अगं बाई' किंवा 'अरे बापरे' निघाल्याशिवाय राहत नाही.

कॉख यांच्या शोधावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर म्हणत की नुसत्या जंतूने पटकी होत नाही, जमीन, हवा आणि माणसाची प्रकृती यांचीही साथ लागते. १८९२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जंतूंचा पेलाच पिऊन टाकला. त्यांना थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. पाठ्यपुस्तकांत हा हट्टी म्हाताऱ्याचा किस्सा म्हणून येतो, आणि मुख्य वादात ते चुकलेच होते. पण जंतू पोटात गेला म्हणजे दर वेळी सारखेच होते असे नाही, हे त्या पेल्याने दाखवले. ती गोष्ट त्या वेळी कोणी लक्षात घेतली नाही.

आता कलकत्त्याला परत जाऊ. कॉख यांनी पटकीचा जंतू विष सोडत असावा असा तर्क केला होता. ते विष पंचाहत्तर वर्षे कोणाला सापडले नाही, कारण लोक ते चुकीच्या ठिकाणी शोधत होते : जनावरांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत. शंभुनाथ दे या बंगाली विकृतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला होता. १९५९ साली त्यांनी 'नेचर'मध्ये छापले की जंतू गाळून टाकलेला, नुसता द्रवसुद्धा हेच करतो. म्हणजे विष बाहेर सोडलेले असते आणि ते आतड्यावर काम करते. पटकीच्या साऱ्या आधुनिक संशोधनाचा पाया हा. साधने मामुली, जागा अपुरी, आणि काम असे. १९७८च्या नोबेल परिसंवादाला स्टॉकहोमहून त्यांना बोलावणे आले. १९८५ साली ते वारले तोवर भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले नव्हते. ही गोष्ट सांगताना मला अजून संकोच वाटतो. आपल्यासमोरची वस्तू लहान दिसली की ती क्षुल्लकच असणार असे आपण किती सहज धरून चालतो!

विष सापडले. १९८०च्या दशकात अमेरिकेत जॉन मेकालानोस यांच्या प्रयोगशाळेने ते विष तयार करायला लावणारे प्रथिन शोधले, त्याला टॉक्स-आर म्हणतात. मग आतड्याला चिकटण्यासाठी लागणारे तंतू सापडले, आणि १९९६ साली असेही कळले की विषाची जनुके या जंतूत एका विषाणूने आणून घातलेली आहेत. या सगळ्या गोष्टीत हुकूम देणारे एकच : प्रथिने. जंतूच्या दरबारात कोणी सरदार असेल तर तो प्रथिनच, हे त्या काळचे गृहीत होते. ते कसे तयार झाले हे पाहण्यासाठी थोडे मागे, पॅरिसला, जावे लागेल.

आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते. तिची नक्कल आरएनएवर उतरते, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. नक्कल नेणाऱ्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात, तो १९६१ साली ओळखला गेला. त्याच साली फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जनुके चालू-बंद कशी होतात याचा सिद्धान्त मांडला. कोणी तरी 'दाबणारा' असतो आणि तो जनुकावर बसून त्याला गप्प करतो. हा दाबणारा आरएनए असावा, असे त्यांनी त्या लेखात सुचवले होते! काही वर्षांनी अमेरिकेत त्यांच्याच उदाहरणातला दाबणारा प्रत्यक्ष हाती आला आणि तो निघाला प्रथिन. त्या उदाहरणात तसे होते हे खरेच. पण त्यानंतर आरएनएची शक्यताच लोकांच्या मनातून गेली. आरएनए म्हणजे हरकारा, निरोप पोचवला की संपला.

हरकाऱ्यांच्या गर्दीत काही वेगळे तुकडे दिसत होते. १९६७ साली जंतूंमध्ये '६एस' नावाचा एक लहानसा आरएनए सापडला. त्यावरून प्रथिन बनत नव्हते. त्याची १८४ अक्षरे वाचूनही झाली. पण तो करतो काय, हे कळायला २००० साल उजाडले. तेहेतीस वर्षे तो कपाटात पडून होता.

असे का झाले? कारणे साधी आहेत. जंतूत बदल घडवून जनुके शोधायची जुनी रीत म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखी. मोठ्या जनुकाला दगड लागतो, शंभर अक्षरांच्या जनुकाला लागत नाही. पुढे संगणक आले, ते सगळी जनुकमाला वाचू लागले, पण त्यांना शिकवले होते ते प्रथिनाची सुरुवात आणि शेवट ओळखायला. मधल्या रिकाम्या जागा त्यांनी रिकाम्याच सोडल्या. आणि प्रयोगशाळेत आरएनए जेलीच्या पाटीवर विजेच्या जोरावर ओढले जातात, तेव्हा लहान तुकडे सगळ्यांत पुढे, पाटीच्या तळाशी जातात.

माझी कबुली इथे आहे. मी जवळजवळ तीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. प्रात्यक्षिकाच्या तासाला एखादी चौकस मुलगी तळाशी पसरलेल्या धुक्यासारख्या पट्ट्याकडे बोट दाखवून विचारायची, "बाई, हे काय?" मी सांगायचे, "तुटका आरएनए आहे, चुरा. त्याच्याकडे लक्ष देऊ नका." बराचसा तो चुराच होता, यात शंका नाही. पण सगळा नव्हता. आणि 'बराचसा' या शब्दाऐवजी मी 'सगळा' म्हणत होते. पुस्तकातही तसेच होते, ही माझी सबब.

इथे श्रोत्यांमधल्या इतिहासप्रेमींना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या बडोद्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड काढले. दफ्तराचे रुमाल सोडले की तह आणि सनदा थोड्याच निघतात. बाकी सगळी चिटोरी : अमक्या चौकीवर माणूस थांबवा, तमक्याला शिधा द्या, घोडी परत पाठवा. सनदेवरून राज्य कोणाचे ते कळते. राज्य चालत कसे होते ते चिटोऱ्यांवरून कळते. जंतूचे दफ्तरही तसेच निघाले.

पहिले ठळक चिटोरे १९८४ साली वाचले गेले. न्यूयॉर्क राज्यात मासायोरी इनोये यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जंतूवर काम चालू होते. जंतूच्या बाहेरच्या आवरणात दोन प्रकारची दारे असतात. एका दाराच्या जनुकाशेजारचा डीएनएचा छोटा तुकडा जंतूत जास्त प्रमाणात घातला, तर दुसरे दार बनायचेच बंद झाले. त्या तुकड्यावरून प्रथिन बनत नव्हते. बनत होता एक लहान आरएनए, आणि त्याची अक्षरे दुसऱ्या दाराच्या संदेशाशी जोडीला बसत होती, मुसळाला उखळ बसावे तशी. लहान आरएनए संदेशाला मिठी मारतो आणि संदेश वाचलाच जात नाही. त्याचे नाव मिक-एफ. हा पेशींच्या स्वतःच्या जनुकमालेतला असा पहिला आरएनए. लोकांनी तो वाचला, छान म्हटले आणि अपवाद म्हणून बाजूला ठेवला.

मग एकेक अपवाद वाढत गेला. १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड नोविक यांच्या गटाने दाखवले की गळवे आणि जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूची विषे बरीचशी एका आरएनएच्या ताब्यात आहेत. त्याच वर्षी टोनी रोमिओ यांनी ई. कोलायमध्ये एक प्रथिन शोधले, आणि तेही कसे तर आयोडीन लावल्यावर जंतूंचा ठिपका जास्त काळा होतो का हे पाहून. जास्त काळा म्हणजे साठवणीची साखर जास्त. चार वर्षांनी हे प्रथिन शुद्ध करताना त्याच्याबरोबर एक आरएनए चिकटून आला. एका आरएनएवर अशा प्रथिनाचे सुमारे अठरा रेणू अडकून बसलेले! हा आरएनए कोणाला मिठी मारत नाही, तो प्रथिनालाच अडकवून ठेवतो. आणि ते प्रथिन मोकळे असले तर ते काय काय करते? इतर कामांबरोबर कशाभिका बांधण्याच्या मुख्य हुकमाला बळ देते. म्हणजे साखर साठवायची की शेपटी बांधून पोहत निघायचे, हा निर्णय त्या अठरा खुंट्यांच्या आरएनएवर येऊन ठेपतो. शेपटी ही महागडी वस्तू आहे. ती बांधायला डझनावारी जनुके लागतात आणि फिरवायला सतत शक्ती लागते. कोणताही शहाणा कारभारी ती विनाकारण बाळगणार नाही.

२००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी ई. कोलायच्या 'रिकाम्या' जागा ठरवून चाळल्या आणि डझनावारी लहान आरएनए बाहेर काढले. अपवाद हा शब्द त्यानंतर कोणी वापरला नाही. त्याच सुमारास एक जुने प्रथिन नव्याने उजेडात आले. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये एका जंतुभक्षक विषाणूच्या अभ्यासात ते सापडले होते. विषाणूला ते लागते, एवढेच माहीत होते. त्याचे नाव एचएफक्यू. आता कळले की लहान आरएनए आणि त्याचा संदेश यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ तोच. सहा पाकळ्यांच्या कड्यासारखा त्याचा आकार आहे. पटकीच्या जंतूमधून हे प्रथिन काढून टाकले तर काय होते, हे २००४ साली मॅथ्यू वॉल्डर यांच्या गटाने पाहिले. जंतू जिवंत राहिला, पण उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात त्याला बस्तान बसवता येईना. त्याची विषे, त्याचे तंतू, त्याचे टॉक्स-आर सगळे जागच्या जागी होते. नव्हता तो गाठी घालून देणारा. मध्यस्थाशिवाय सरदार निकामी!

त्याच वर्षी, २००४ साली, प्रिन्स्टनच्या बॉनी बास्लर यांच्या गटाचा लेख आला, आणि माझ्या मते 'केव्हा' या प्रश्नाच्या इतिहासात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पार्श्वभूमी अशी : जंतू एकमेकांची संख्या ओळखतात. प्रत्येक जंतू पाण्यात एक रसायन सोडतो. रसायन विरळ असले तर आपण एकटेदुकटे, दाट असले तर आसपास गर्दी. समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंमध्ये ही गोष्ट १९७० साली लक्षात आली होती. पटकीच्या जंतूतही ती आहे, पण उलटी. बहुतेक रोगजंतू गर्दी जमली की हल्ला करतात. पटकीचा जंतू थोडे असताना चिकटतो आणि विष सोडतो, आणि गर्दी झाली की ते बंद करून आतड्यातून निघून जायच्या तयारीला लागतो. त्याची चाल अशी : माणसाला पाण्यासारखे जुलाब लागले की त्याला फुकट वाहन मिळते, लाखो भावंडांसह पुन्हा नदीत.

प्रश्न असा होता, की गर्दीची बातमी आतपर्यंत पोचते कशी? गर्दीच्या वेळी हॅप-आर नावाचे प्रथिन तयार होते आणि विषाची साखळी तोडते. थोडे जंतू असताना हॅप-आर दिसत नाही. त्याला कोण दाबते? सगळ्यांना वाटत होते की दाबणारे एखादे प्रथिन असणार. शोधताना हाती आला तो एचएफक्यू. मध्यस्थ सापडला, म्हणजे लहान आरएनए असलाच पाहिजे. तो नेहमीच्या पद्धतीने सापडेना, तेव्हा जनुकांमधल्या रिकाम्या जागा संगणकाने चाळल्या. लेखकांच्या यादीत कुलकर्णी हे आडनाव वाचून मी क्षणभर थांबले, ते का हे आपल्याला सांगायला नको. चाळणीतून एक नव्हे, चार आरएनए निघाले, सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांशी जुळणारे. त्यांना क्यूआरआर म्हणतात. एक काढून टाकला, काही फरक नाही. दुसरा काढला, तरी नाही. चारही काढल्यावरच जंतू गोंधळला. म्हणूनच दगड मारणाऱ्यांच्या हाती ते कधी लागले नव्हते : एकाला दगड लागला तर उरलेले तिघे काम सांभाळून घेत.

त्यांचे काम असे. जंतू थोडे असतात तेव्हा हे चौघे तयार होतात, एचएफक्यूच्या मदतीने हॅप-आरच्या संदेशाला मिठी मारतात आणि तो संदेश नष्ट होतो. हॅप-आर नाही, म्हणून विषाची साखळी चालू. पुढे २०११ साली कळले की हेच चौघे दुसऱ्या एका संदेशाला उलट उघडून देतात, आणि तो संदेश विषाच्या बाजूचा आहे. एकाच चिटोऱ्यावर एकाला 'थांब' आणि दुसऱ्याला 'चल'. गर्दी झाली की हे आरएनए तयार व्हायचे थांबतात, हॅप-आर वर येतो आणि जंतूचा मुक्काम हलतो.

आणि हालचाल? चिकटणे आणि पोहणे यांचे वैर या जंतूत जुने आहे. आतड्याच्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा थर असतो. त्यातून वाट काढायला शेपटी लागते, पण भिंतीला पोचल्यावर तीच आड येते. २००८ साली फिलाडेल्फियातल्या एका गटाने एक विलक्षण गोष्ट छापली. श्लेष्मातून घुसताना जंतूची शेपटी मोडते. मोडलेल्या जागेतून आतले एक प्रथिन बाहेर गळते, आणि त्याच्या गळण्याने आत हॅप-आर दाबला जातो. म्हणजे शेपटी मोडणे हीच पोचल्याची खबर! क्यूआरआर ज्या हॅप-आरला दाबतात त्याच्यापाशी ही दुसरी वाटही येऊन मिळते. 'मोडशी' या शब्दात जंतूची शेपटीसुद्धा मोडलेली असेल, हे आजीच्या स्वप्नातही आले नसते.

आणखी एक आरएनए सांगते, कारण तो शरीराशी थेट बोलतो. आपले शरीर जंतूंपासून लोह लपवून ठेवते. लोह कमी पडले की पटकीच्या जंतूत आरवायएच-बी नावाचा लहान आरएनए वाढतो. २००५ साली टेक्ससमध्ये शेली पेन यांच्या गटाने तो काढून टाकला. मऊ जेलीच्या ताटलीत मध्यभागी जंतू टोचून ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी वर्तुळासारखे पसरतात. हा आरएनए नसलेल्या जंतूंचे वर्तुळ लहान राहिले, आणि काचेवर त्यांना नीट थरही जमवता येईना. लोहाचा तुटवडा, वाट शोधत पोहणे आणि थर जमवणे, ही तीन कामे एका चिटोऱ्याला बांधलेली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाही तर हा सगळा देखणा हिशेब खोटा ठरेल. २००० साली पटकीच्या जंतूची पहिली संपूर्ण जनुकमाला वाचली गेली, ती ज्या वाणाची होती त्यात हॅप-आर मुळातच बिघडलेला आहे. म्हणजे गर्दीची बातमी येते, पण ऐकणारा बहिरा. १९६१ पासून चालू असलेल्या साथीच्या काही वाणांत असेच आढळते, आणि तरीही ते माणसे मारतात. जंतूला एका चिटोऱ्याची गरज नसली तर तो ते फाडून टाकतो, आणि दुसऱ्या चिटोऱ्यांवर काम भागवतो. काही शास्त्रज्ञ या गोष्टीचा उल्लेख तळटीपेत करतात. मला ती मजकुरात असावी असे वाटते.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे मला नेहमी विचारतात. पटकीवरचा आजचा उपाय मीठ-साखरेचे पाणी आणि शिरेतून सलाइन हाच आहे, आणि तो उत्तम आहे. पण २०१० साली अमेरिकेत एक वेगळा प्रयोग झाला. आतड्यात राहणाऱ्या एका निरुपद्रवी ई. कोलायला पटकीच्या जंतूचे गर्दीचे रसायन बनवायला शिकवले, आणि तो उंदरांच्या पिल्लांना आधी पाजला. नंतर पटकीचे जंतू दिले. आल्याआल्या त्यांना चोहीकडे गर्दीची बातमी मिळाली. पाजलेल्या पिल्लांपैकी कितीतरी जास्त वाचली. यात जंतूला मारण्याचा प्रयत्नच नव्हता. त्याला खोटी बातमी देऊन मुक्काम हलवायला लावले. हॅप-आर बहिरा असलेल्या वाणांवर ही युक्ती चालणार नाही, हे मघाशी सांगितलेल्या गोष्टीवरून आपल्या ध्यानात आले असेल.

२००९ साली याच जंतूतले सगळे लहान आरएनए एकदम वाचायचा प्रयत्न झाला. आधी माहीत असलेले वीस पुन्हा सापडले, आणि त्यांच्याबरोबर पाचशेहून अधिक नवे उमेदवार. त्यांपैकी थोड्यांचेच काम आजवर ओळखता आले आहे. तो लेख आला तेव्हा मी नोकरीत होते. पुढच्या प्रात्यक्षिकाला मी जेलीची पाटी दिव्यावर धरली, तळाच्या पट्ट्यावर बोट ठेवले आणि मुलींना विचारले, "हे काय असेल?" त्यांनी पुस्तकात पाहिले आणि एका सुरात उत्तर दिले, "चुरा, बाई." मग त्या तासाला आम्ही वरचे पट्टे मोजलेच नाहीत.